राज्यपालांचा पत्रव्यवहार अभिलेखागारात कसा लावतात

राज्यपालांच्या कार्यालयातला जुना पत्रव्यवहार अभिलेखागारात आला की बघणाऱ्याला पहिली गोष्ट सुचते ती विषयवार लावण्याची. शिक्षणाचं शिक्षणात, पाण्याचं पाण्यात, नाशिकचं नाशिकमध्ये. पुढे येणाऱ्याला पटकन सापडेल, असा त्यामागचा सरळ हिशेब. पण या कामात मुरलेला माणूस नेमकं हेच करत नाही. तो कागद जिथल्या तिथे ठेवतो आणि त्यांच्या नोंदी करत बसतो. बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो, क्वचित सरकारी ढिलाईही वाटते. पण त्यामागे पक्कं कारण आहे.

नाशिकमध्ये बसून या भानगडीत का पडायचं? कारण राज्यपाल मलबार हिलवर राहत असले तरी त्यांच्या फायलींत नाशिक जागोजागी आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) या दोन्हींची मुख्यालयं नाशिकला, आणि दोन्हींचे कुलपती राज्यपाल. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना खास अधिकार दिले आहेत, आणि त्या भागाच्या कारभाराचा अहवाल त्यांनी राष्ट्रपतींना पाठवायचा असतो. शिवाय अनुच्छेद ३७१(२) आहेच. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासनिधीचं न्याय्य वाटप होतंय का हे बघण्याची जबाबदारी त्याखाली राज्यपालांकडे आली आणि १९९४ साली विकास मंडळं स्थापन झाली. नाशिक ‘उर्वरित’मध्ये, पुण्या-मुंबईच्या पंगतीला. तेव्हा नाशिकचा अभ्यास करणाऱ्याला आज ना उद्या या कागदांपाशी यावंच लागतं.

एक राज्यपाल, अनेक टेबलं

राज्यपालांचा पत्रव्यवहार म्हटलं की डोळ्यांपुढे एक मोठी टपालपेटी येते. प्रत्यक्षात ती एक पेटी नसते. विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक संमतीसाठी येतं (अनुच्छेद २००), अधिवेशन चालू नसताना काढायचा अध्यादेश येतो (२१३), मंत्रिमंडळाचे निर्णय मुख्यमंत्री कळवतात (१६७), राज्य चालेनासं झालं तर राष्ट्रपतींना अहवाल जातो (३५६). शिक्षा माफ करण्याचा किंवा स्थगित करण्याचा अधिकार (१६१) आणखी वेगळा. खुनाबद्दल शिक्षा झालेल्या नौदल अधिकाऱ्याचं, नानावटी प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. मार्च १९६० मध्ये मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षेला स्थगिती दिली, त्यावरून न्यायालय आणि राज्यपाल यांच्या अधिकारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६४ मध्ये विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना माफी मिळाली. यांखेरीज कुलपती म्हणून होणारा विद्यापीठांचा पत्रव्यवहार, आदिवासी भागांतून येणारी निवेदनं, उद्घाटनांची निमंत्रणं, दिवाळीच्या शुभेच्छा, राजभवनाच्या बागेची आणि मोटारींची बिलं, आणि ‘साहेब, आता तुमच्याशिवाय वाली नाही’ अशी सुरुवात असलेले नागरिकांचे अर्ज.

हे सगळं एका माणसाच्या नावाने येतं, पण एका टेबलावर जात नाही. विद्यापीठांचं टेबल वेगळं, विधेयकांचं वेगळं, सार्वजनिक तक्रारींचं वेगळं. प्रत्येक टेबलाची नोंदवही आणि फाइल क्रमांक टाकायची पद्धत आपापली. एका टेबलावर, एका कामासाठी, एका पद्धतीने तयार झालेल्या फायलींच्या रांगेला अभिलेखपाल मालिका म्हणतात. सगळ्यात वर संपूर्ण संग्रह, त्याच्या पोटात मालिका, मालिकेत नस्त्या, म्हणजे एकेक फाइल, आणि नस्तीत कागद. लावण्याचं काम या उतरत्या क्रमाने होतं. सुट्या पत्रापासून सुरुवात करणारा तिसऱ्या गठ्ठ्यापर्यंत पोचता पोचता हरवतो.

म्हणून पहिले काही दिवस एकही कागद हलवायचा नसतो. गठ्ठे जसे आले तसे, कुठल्या कपाटातून, कुठल्या कप्प्यातून आले ते लिहायचं आणि दोरी सोडण्याआधी फोटो काढायचा. वरच्या पुठ्ठ्यावर कुणा कारकुनाने खडूने किंवा निळ्या पेन्सिलीने काही खरडलेलं असेल तर तेही उतरवून घ्यायचं. पुढे ते सोन्याच्या मोलाचं ठरू शकतं.

विषयवार का नाही

याबाबतचे दोन नियम जगभर मानले जातात. एक, ज्या कार्यालयाने कागद निर्माण केले त्याचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. फ्रान्सने १८४१ साली परिपत्रक काढून हे ठरवलं, कारण त्याआधी तिथे विषयवार लावण्याच्या नादात बराच गोंधळ झाला होता. दोन, त्या कार्यालयाने आपले कागद ज्या क्रमाने ठेवले तोच क्रम राखायचा. तीन डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये लिहिलेल्या नियमपुस्तिकेने ही गोष्ट पक्की केली. आपल्याकडे हे फार परकं वाटायला नको. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी हे विभाग बघा. कागद कुठल्या कामातून जन्मला त्यावरून ती नावं पडली आहेत, त्यात कशाचा उल्लेख आहे त्यावरून नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले तेव्हा निवड विषयवार केली. पण ती छापील पुस्तकांत, दप्तरातल्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत नव्हे. हा फरक मोठा आहे.

नाशिककरांना सगळ्यात लवकर पटेल असा दाखला त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा आहे. प्रत्येक उपाध्यायाची गावं आणि कुळं ठरलेली. यजमान आला की घरातल्यांची नावं, नाती, आल्याची तारीख लिहितो आणि खाली सही करतो. आता एखाद्या उत्साही माणसाने सगळ्या घरांतल्या सगळ्या वह्यांतून ‘पाटील’ असलेली पानं फाडून एक जाडजूड वही बांधली तर? पाटलांची यादी मिळेल खरी. पण कुठले पाटील कुणाचे यजमान, कोण कुणाबरोबर आलं, कुठल्या सिंहस्थात एका गावची किती घरं आली, हे कायमचं गेलं. पाटील शोधायचे असतील तर वेगळी सूची करावी, वही फाडू नये. राज्यपालांच्या फायलींना हाच न्याय लागतो.

विषयवार लावण्यात दुसरी अडचण अशी की विषय ठरवायचा कुणी? २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या घटनेबद्दलचा एखादा सरकारी कागद हातात आला तर तो कुठे घालणार? पोलिसांत? परदेशातून आलेल्या पिस्तुलांत? विद्यार्थ्यांच्या चळवळीत? जॅक्सनची बदली झाली होती आणि त्याच्या निरोपाचा नाट्यप्रयोग होता, म्हणून नेमणुका-बदल्यांत? चार माणसं चार ठिकाणी घालतील आणि चौघंही बरोबर असतील. शंभर वर्षांनी येणारा पाचवा मनुष्य पाचवंच काही शोधत असेल. तो कागद कुठल्या खात्याने, कुठल्या क्रमांकाच्या फाइलीत ठेवला होता याचं उत्तर मात्र एकच असतं, आणि ते उद्या बदलत नाही.

एक नस्ती उघडून

समजा, सुरगाणा तालुक्यातल्या एका गावाने वनजमिनीबद्दल राज्यपालांना अर्ज पाठवला. दोन पानी, हाताने लिहिलेला, खाली सह्या आणि अंगठे. वरच्या कोपऱ्यात आवक शिक्का, त्यात क्रमांक आणि तारीख. समासात कुणाच्या तरी अक्षरात ‘विभागाचं मत घ्या’ एवढे तीन शब्द. त्याच्या मागे संबंधित विभागाला गेलेल्या पत्राची कार्बन प्रत, पातळ कागदावरची, अक्षरं थोडी फुटलेली. मग पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. मग सचिवांचं अर्धशासकीय पत्र, नावाने संबोधून लिहिलेलं, कारण साध्या पत्राला कुणी दाद देईना. मग विभागाचं उत्तर, ‘उपरोक्त संदर्भाधीन अर्जाबाबत’ असं सुरू होणारं.

हा झाला पत्रव्यवहार भाग. नस्तीत दुसरा, टिपणी भाग असतो, आणि माझ्या मते खरी फाइल तीच. कक्ष अधिकाऱ्याने काय सुचवलं, वरच्याने काय खोडलं, राज्यपालांनी कुठे सही केली आणि कुठे ‘चर्चा करावी’ लिहून फाइल परत पाठवली, हे तिथे दिसतं. बाहेर गेलेल्या पत्रात निर्णय असतो, टिपणीत निर्णयापर्यंतचा रस्ता असतो. ‘पत्रव्यवहार’ या नावाखाली पत्रं तेवढी ठेवून टिपण्या बाजूला काढण्याचे उद्योग कुठेही झाले असतील तर ते दुर्दैव म्हणायचं.

आता तो अर्ज उचलून ‘नाशिक जिल्हा’ नावाच्या खोक्यात टाका. खोक्यात अर्ज राहील, पण त्याचं पुढे काय झालं ते कळणार नाही. नस्तीत उत्तर राहील, पण ते कशाचं उत्तर ते कळणार नाही. दोन स्मरणपत्रं म्हणजे किती महिन्यांचा विलंब, हेही हातचं जाईल. नवीन लागलेली मुलं हे विचारतातच. ‘अण्णा, हे आपल्या नाशिकचं आहे, वेगळं काढू का?’ त्यावर जुन्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. ‘काढू नकोस बाळा, वहीत लिही.’ म्हणजे सूचीत ‘नाशिक’ शब्दापुढे त्या नस्तीचा क्रमांक लिहायचा. कागद एकाच जागी राहतो, सूचीत मात्र तो सुरगाण्याखाली, वनजमिनीखाली आणि आदिवासी विकासाखाली, तिन्ही ठिकाणी सापडू शकतो. विषयवार लावण्यातून जे हवं होतं ते सूचीतून मिळतं, आणि मोडतोड काही होत नाही.

सूची करताना नावांनी घाम फुटतो. जुन्या इंग्रजी कागदांत नाशिकच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ नाही. त्र्यंबक कुठे ‘ट’ने लिहिलाय, कुठे ‘श्वर’ जोडून. एकाच गृहस्थाची तीन आद्याक्षरं तीन पद्धतींनी. अशा वेळी एक रूप प्रमाण धरायचं आणि बाकीची रूपं ‘पाहा’ म्हणून त्याकडे वळवायची. काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या पन्नास वर्षांच्या वाचकांचे हाल याने वाचतात.

गठ्ठे कधी कधी विस्कटलेलेच येतात. कपाट हलवताना पडले, कुणी काही शोधायला घेतलं आणि तसंच कोंबलं. मग आवक-जावक नोंदवह्या कामाला येतात. पत्रावरचा क्रमांक नोंदवहीत शोधला की ते कुठल्या फाइलीकडे गेलं होतं ते मिळतं. टाचणीची भोकं जुळतात का, कागदावर शेजारच्या पानाचा गंज उमटलाय का, अशा खुणाही उपयोगी पडतात. काहीच जुळत नसेल तर तारखेने लावावं. पण ‘हा क्रम कार्यालयाचा नाही, आम्ही लावलेला आहे’ हे वर्णनात स्पष्ट लिहायचं. हे लपवलं तर पुढचा संशोधक आपल्या सोयीला इतिहास समजेल.

काय ठेवायचं, काय नाही

सगळं ठेवता येत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत काम केलेल्यांना सहा गठ्ठे पद्धत (टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत वाटून ठेवण्याची) तोंडपाठ असते, आणि अ, ब, क, ड हे वर्गही. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी आणि ‘ड’ वर्षभरात नष्ट करायचं. कार्यालयात हे वर्गीकरण नीट झालं असेल तर अभिलेखागाराचं अर्धं काम वाचतं. अनेकदा ते झालेलं नसतं. सगळ्या फायलींवर ‘अ’ मारून ठेवलेला असतो, कारण नष्ट केल्याची जबाबदारी कुणालाच नको असते.

निमंत्रणं आणि शुभेच्छापत्रं यांचा नमुना ठेवून बाकीचं सोडायला हरकत नसते. नागरिकांच्या अर्जांबाबत मात्र हात आखडता घ्यावा असं मला वाटतं. एकेक अर्ज किरकोळ दिसतो, पण दुष्काळाच्या वर्षी कुठल्या तालुक्यातून काय मागणी येत होती हे एकत्र बघायला दुसरी जागा नसते. कायद्याच्या बाजूने, केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात १८९२ पूर्वीच्या कागदांना खास संरक्षण आहे. ते सहसा नष्ट करता येत नाहीत.

मग प्रश्न येतो खाजगी पत्रांचा. राज्यपालांनी मित्राला लिहिलेलं पत्र सरकारचं की त्यांचं? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो दख्खनचा कमिशनर होता, पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. कमिशनरीच्या काळातल्या फायली पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. मुंबई सरकारची दप्तरं मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात; हे रेकॉर्ड ऑफिस १८२१ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत सुरू झालं. आणि त्याचे खाजगी कागद त्याच्या सामानाबरोबर गेले, ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. म्हणजे इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीचं नाशिक समजून घ्यायचं तर तीन शहरं. ही फाळणी सांधायला जाऊ नये. प्रत्येक ठिकाणच्या वर्णनात ‘उरलेले कागद अमुक ठिकाणी आहेत’ एवढी एक ओळ असली तरी पुष्कळ.

कागदाची निगा

इथे थोडक्यात. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढायचे, ओढून नाही, मागून पाय उचलून. पानांवर क्रमांक टाकायचे ते पेन्सिलीने. वर्तमानपत्राची कात्रणं आम्लाने पिवळी पडतात आणि शेजारचं पत्रही पिवळं करतात, म्हणून मध्ये आम्लरहित कागद. सेलोटेप कधीच नाही, प्लास्टिक लॅमिनेशन तर मुळीच नाही. फाटलेलं पान जपानी टिश्यू आणि खळीने सांधतात. फॅक्सचा गुळगुळीत कागद सगळ्यात आधी शोधून काढायचा, कारण उष्णतेवर उमटलेली ती अक्षरं पुसट होत जातात. नव्वदच्या दशकातले महत्त्वाचे निरोप नेमके त्यावरच आहेत. आज प्रत काढली नाही तर उद्या कोरा कागद उरतो. आणि पावसाळ्यात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर, खोके भिंतीला टेकवायचे नाहीत. ओल भिंतीतून येते, मागोमाग बुरशी, कसर आणि वाळवी.

‘हे सगळं कशाला, स्कॅन करून टाका’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. स्कॅनिंग हवंच. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळामुळे घरी बसून कागद बघता येतात, ही मोठीच सोय. पण आधी मालिका आणि नस्त्या ठरवल्या नसतील तर स्कॅनमधून हजारो निनावी चित्रं तयार होतात, आणि कागदाच्या ढिगाऱ्यापेक्षा चित्रांचा ढिगारा चाळणं जास्त त्रासाचं. ई-मेल आणि ई-ऑफिसमधल्या फायलींनाही हेच लागू आहे. तिथे टेबलं पडद्यावर गेली, इतकंच.

शेवटी हाती काय पडतं

नस्तीचं वर्णन कसं दिसतं, त्याचा हा एक काल्पनिक नमुना:

मालिका: कुलपती कार्यालय, विद्यापीठांचा पत्रव्यवहार. नस्ती: मुक्त विद्यापीठ, नाशिक, स्थापनेनंतरची पहिली वर्षं. भाषा: मराठी, इंग्रजी. भाग: टिपणी आणि पत्रव्यवहार, दोन्ही. अवस्था: बरी, चार फॅक्स पुसट, प्रती जोडल्या. खुली किंवा बंद: खुली, दोन पानं वगळून. सूचीशब्द: नाशिक, मुक्त शिक्षण, कुलगुरू निवड.

‘दोन पानं वगळून’ यावर वाद होतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे घटनेला २० वर्षं उलटली की माहिती नाकारायला फार थोड्या सबबी उरतात: देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. खाजगीपणा त्या यादीत नाही. तरी दयेच्या अर्जात कुणाच्या आजाराचे किंवा घरातल्या कलहाचे तपशील असतात, आणि ती माणसं किंवा त्यांची मुलं आज हयात असू शकतात. अशी पानं हातात घेताना अभिलेखपालाने थांबायला हवं. पण गुपचूप काढून ठेवू नये. पान कुठलं, का रोखलं आणि कधी पुन्हा तपासणार, याची चिठ्ठी त्या जागी असायला हवी.

नाशिकहून अशा फायली बघायला जाणाऱ्याने ‘नाशिकची सगळी पत्रं दाखवा’ असं विचारू नये, कारण तसा गठ्ठा नसतो. काय घडलं होतं, साधारण कुठल्या वर्षांत, आणि ते राज्यपालांकडे कुठल्या नात्याने गेलं असेल (कुलपती म्हणून, पाचव्या अनुसूचीखाली, की नुसता अर्ज म्हणून) एवढं सांगितलं तर समोरचा माणूस थेट मालिका काढून देतो. सोबत पेन्सिल न्यावी. मूळ कागद हाताळताना पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही. आणि वहीत पत्राची तारीख लिहिताना नस्तीचा पूर्ण क्रमांकही लिहून घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी पत्र त्याच जागी सापडेल.